बिलिरुबिनचा नुसता टोटल आकडा छापू नका, त्याची फोड पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत मध्यंतरी काविळीवर लेख आला होता, लेख तसा बरा होता, पण त्यात मधोमध एक रंगीत चौकट होती आणि तिच्यात लिहिलं होतं की बिलिरुबिन १.२ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या वर गेलं म्हणजे लिव्हर खराब व्हायला लागलं समजा. आता लोक अख्खा लेख वाचत नाहीत, चौकटीचा फोटो काढतात आणि ग्रुपवर टाकतात, तशी ती चौकट माझ्याकडेच तीन ठिकाणांहून फिरून आली. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं काम करतेय. डॉक्टर नाहीये, औषध सांगणं माझं काम नाही आणि ते मी इथं करणारही नाही. पण रक्ताच्या नळीतून तो आकडा बाहेर कसा येतो आणि तो हातात पडल्यावर माणसांचं काय होतं हे रोज बघते, म्हणून लिहितेय. त्या चौकटीतलं वाक्य चूक आहे, आणि दोन्ही बाजूंनी चूक आहे. आकडा वाढलेला असून लिव्हर ठणठणीत असू शकतं, आणि आकडा नॉर्मल असून लिव्हर पार बिघडलेलं असू शकतं.

आधी हे बिलिरुबिन येतं कुठून ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, मग त्या मुख्यतः प्लीहेत मोडल्या जातात, त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनचा हीम नावाचा भाग फुटतो, त्यातून आधी हिरवट बिलिव्हर्डिन आणि त्यातून पिवळं बिलिरुबिन तयार होतं. मुका मार लागलेली जागा आधी काळीनिळी, मग हिरवट, मग पिवळी पडते ना, ती हीच केमिस्ट्री, फक्त कातडीखाली चाललेली. मोठ्या माणसाच्या अंगात असं रोज अडीचशे-तीनशे मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होतं, तुमच्याही, माझ्याही. म्हणजे हा काही बाहेरून आलेला विषारी पदार्थ नाही. हे ताजं बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते अल्ब्युमिन या प्रोटीनला चिकटून लिव्हरपर्यंत येतं. तिथं एक एन्झाइम आहे, यूजीटी१ए१ असं त्याचं बोजड नाव, ते त्याला ग्लुकुरॉनिक ॲसिड जोडतं, आणि एकदा ते जोडलं की मग ते पाण्यात विरघळतं, पित्तात उतरतं, पित्तनळीतून आतड्यात जातं. आतड्यातले जंतू त्याचं युरोबिलिनोजेन करतात आणि पुढे स्टर्कोबिलिन, शौचाला जो तपकिरी रंग असतो तो त्याचाच. थोडं युरोबिलिनोजेन परत रक्तात शोषलं जातं आणि लघवीतून निघून जातं.

एवढा प्रवास आहे तर गडबडही प्रवासात कुठंही होणार. तांबड्या पेशीच जास्त मोडायला लागल्या, किंवा लिव्हरला ते ॲसिड जोडण्याचं काम झेपेना, किंवा लिव्हरच्या पेशीच आजारी पडल्या, किंवा सगळं व्यवस्थित झालं पण पुढे नळी तुंबली. पाण्याची टाकी भरून वाहतेय म्हणून वर नळ जास्त सुटलाय की खालचा पाइप चोंदलाय हे नुसती पातळी बघून कळत नाही, तसं टोटल बिलिरुबिन ४ आलं एवढ्यावरून यातलं काय झालंय ते कोणालाच कळत नाही, अगदी मोठ्या डॉक्टरलाही नाही. म्हणून तर ते पुढचे प्रश्न विचारतात आणि पुढच्या टेस्ट लिहून देतात, आणि लोकांना वाटतं उगाच खर्च वाढवतायत.

रिपोर्टवर टोटलच्या खाली डायरेक्ट आणि इनडायरेक्ट अशा दोन ओळी असतात, खरी माहिती तिथं असते आणि तिथंच कोणी बघत नाही. १९१६ मध्ये व्हॅन डेन बर्ग आणि म्युलर या दोघांनी दाखवलं की काही रुग्णांच्या सीरममध्ये डायझो रसायन टाकलं की लगेच रंग येतो आणि काहींच्यात आधी अल्कोहोल घालावं लागतं तेव्हा येतो. लगेच रंग देणारं ते डायरेक्ट, म्हणजे लिव्हरमधून ॲसिड जोडून बाहेर पडलेलं. उशिरा देणारं इनडायरेक्ट, म्हणजे अजून लिव्हरची प्रक्रिया न झालेलं. शंभरेक वर्षं झाली, मशिनं बदलली, पण पुष्कळ लॅबमध्ये आजही मूळ तत्त्व तेच आहे, आणि इनडायरेक्ट तर मशिन मोजतच नाही, टोटलमधून डायरेक्ट वजा करून लिहिलं जातं. ढोबळ हिशोब असा की टोटल वाढलंय पण त्यात डायरेक्टचा वाटा अगदी थोडा आहे, पंधरा-वीस टक्क्यांच्या आत, तर गोष्ट लिव्हरच्या अलीकडे किंवा दारात अडलीये. डायरेक्टचा वाटा अर्ध्याच्या आसपास किंवा जास्त असेल तर लिव्हरच्या आत किंवा पुढे नळीत.

आणि याची अर्धी टेस्ट घरच्या घरी फुकट होते, फक्त त्याबद्दल बोलायची लोकांना लाज वाटते. इनडायरेक्ट बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही म्हटलं ना, म्हणून ते लघवीत उतरूच शकत नाही. म्हणजे डोळे पिवळे आणि लघवीत बिलिरुबिन नाही, तर बहुतेक इनडायरेक्ट. डोळे पिवळे आणि लघवी गडद तपकिरी, काळ्या चहासारखी, तर डायरेक्ट वाढलंय. आणि त्यातच शौचाला रंगच नसेल, पांढुरकं, मातकट, तर पित्त आतड्यापर्यंत पोचत नाहीये, म्हणजे नळी बंद असण्याचा संशय. काही लोकांची लघवी डोळे पिवळे व्हायच्या आधी दोन-चार दिवस गडद होते, आणि ते समजतात पाणी कमी पडलं, उष्णता झाली. पाणी भरपूर पिऊनही लघवी तशीच गडद राहिली तर दाखवायला हवं. काउंटरवर आम्ही विचारलं की लघवीचा रंग कसा आहे, शौचाचा कसा आहे, तर माणसं इकडेतिकडे बघतात, बायको सोबत असली तर ती सांगते. डॉक्टरसमोर पण तसंच होत असणार. अहो त्या एका उत्तराने निदान अर्ध्या रस्त्यावर येतं, सांगा ना बिनधास्त.

आता त्या चौकटीने सगळ्यात जास्त ज्यांना घाबरवलं त्यांच्याबद्दल. गिल्बर्ट सिंड्रोम. १९०१ मध्ये गिल्बर्ट आणि लेरेबुले या फ्रेंच डॉक्टरांनी वर्णन केलं. शंभरातल्या साधारण तीन ते सात जणांना असतं, म्हणजे आपल्या पेपरच्या वाचकांत ते हजारोंनी असणार, बहुतेकांना माहीतही नसणार. यात ते यूजीटी१ए१ एन्झाइम जन्मतःच कमी काम करतं, साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकंच, त्यामुळे टोटल दीड, दोन, कधी तीन असं राहतं, चारच्या वर क्वचित, आणि सगळं इनडायरेक्ट. एसजीपीटी (लिव्हरच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल, अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्तनळी तुंबली की वाढणारं) नॉर्मल, हिमोग्लोबिन नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. लिव्हर खराब नाही, पुढे होणार नाही, औषध लागत नाही. गंमत म्हणजे उपाशी राहिलं, ताप आला, झोप झाली नाही, जोरदार व्यायाम झाला की यांचं बिलिरुबिन अजून चढतं, आणि हेल्थ चेकअपला आम्ही लोकांना रिकाम्या पोटीच बोलावतो! म्हणजे रात्रभर उपाशी, त्यात उद्या टेस्ट म्हणून झोप नाही, सकाळी रक्त दिलं आणि आकडा आला २.३, ठळक अक्षरात. मग नोकरीच्या मेडिकलचं काय, लग्नाचं काय, अशी घरात बैठक बसते. तरुण मुलं वर्षानुवर्षं लिव्हरच्या गोळ्या खातायत, पथ्यं पाळतायत, दर महिन्याला टेस्ट करून आकडा ०.३ ने कमी झाला म्हणून खूश आणि वाढला म्हणून हवालदिल, हे मी बघितलंय. निदानही अवघड नाही, काही महिन्यांच्या अंतराने दोनदा तपासलं, दोन्ही वेळा फक्त इनडायरेक्ट वाढलेलं आणि पेशी मोडत असल्याची काही खूण नाही, तर डॉक्टर सहसा सांगून टाकतात. एकच गोष्ट लक्षात ठेवायची, कॅन्सरवरचं इरिनोटिकान किंवा एचआयव्हीवरचं अटाझानाव्हिर अशी काही मोजकी औषधं द्यायची वेळ आली तर आपल्याला गिल्बर्ट आहे हे डॉक्टरला आधी सांगायचं.

पण इनडायरेक्ट वाढलंय म्हणजे गिल्बर्टच असं घरच्या घरी ठरवून मोकळं पण होऊ नका, आधी तांबड्या पेशी मोडत नाहीयेत ना ते बघावं लागतं. मलेरिया, सिकल सेल, थॅलेसेमिया, जी६पीडी एन्झाइमची कमतरता, किंवा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने स्वतःच्या पेशींवर केलेला हल्ला, अशी कारणं असतात. त्यात हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, रेटिक्युलोसाइट म्हणजे नवीन कोवळ्या पेशींचं प्रमाण वाढलेलं, पेशी फुटल्या की बाहेर पडणारं एलडीएच वाढलेलं, सुटं हिमोग्लोबिन पकडणारं हॅप्टोग्लोबिन तळाला गेलेलं, आणि मग प्रतिकारशक्तीचा हल्ला आहे का ते बघणारी कूम्ब्स टेस्ट सांगतात. लिव्हर धडधाकट असेल तर नुसत्या पेशी मोडण्याने बिलिरुबिन फार वर जात नाही, चार-पाचच्या आसपास थांबतं, त्याच्या बरंच वर गेलं तर सोबत अजून काहीतरी चाललंय. आणि वर्षानुवर्षं पेशी मोडणाऱ्यांच्या पित्ताशयात बिलिरुबिनचेच काळे खडे होतात, तो खडा घसरून नळीत अडकला की त्याच माणसाला दुसऱ्या प्रकारची कावीळ. एका रुग्णात दोन्ही, असं पण होतं.

लिव्हरच्या आतली कावीळ म्हणजे लोकांच्या मनातली कावीळ, हिपॅटायटिस. त्याच्या विषाणूंपैकी ए आणि ई दूषित पाण्या-अन्नातून येतात, बी आणि सी रक्तातून, बी शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला पण, आणि डी फक्त बी असलेल्यालाच होतो. एसजीपीटी हजारांत जातं, ४० च्या जागी २,००० बघून नातेवाईक हादरतात, पण खरं सांगू का, एसजीपीटी हे लिव्हर किती काम करतंय याचं माप नाहीच, ते पेशी किती फुटतायत एवढंच सांगतं. काम किती चाललंय ते प्रोथ्रॉम्बिन टाइम म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, आणि त्यावरून काढलेला आयएनआर सांगतो, कारण रक्त गोठवणारे बहुतेक घटक लिव्हर बनवतं. सगळ्यात फसवा रिपोर्ट कुठला, तर ज्यात एसजीपीटी २,००० वरून ३०० वर आलंय, घरचे पेढे वाटायच्या तयारीत, आणि त्याच रिपोर्टमध्ये बिलिरुबिन चढतंय आणि आयएनआर पण चढतोय. याचा अर्थ बरं वाटतंय असा नाही, फुटायला पेशीच उरल्या नाहीत असा असू शकतो. त्यात माणूस असंबद्ध बोलायला लागला, दिवसा झोपून रात्री जागायला लागला, तर उद्या सकाळी बघू म्हणायचं नाही, तडक मोठ्या हॉस्पिटलला. गरोदर बाईला कावीळ दिसली तर तीही त्याच दिवशी, कारण हिपॅटायटिस ई शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेततो, आणि गरोदरपणाचे स्वतःचेही लिव्हरचे आजार असतात ते वेगळेच.

औषधांमुळे होणारी कावीळ हा भाग आपल्या लेखात एका ओळीत उरकला होता. टीबीच्या औषधांतली आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट हे अँटिबायोटिक संपून काही आठवडे झाल्यावर कावीळ आणू शकतं, तेव्हा कोणाला आठवतच नाही की आपण ते घेतलं होतं. पॅरासिटामॉल ठरलेल्या डोसात चांगलं औषध आहे, पण सर्दीची गोळी, अंगदुखीची गोळी, तापाची गोळी अशी तीन वेगळी पाकिटं घेतली आणि तिन्हीत पॅरासिटामॉल निघालं असं सहज होतं. आणि झाडपाल्याची औषधं. निसर्गातलं आहे म्हणजे अपाय नाही असं काही नसतं, आणि कावीळ झाल्यावर काविळीवरच म्हणून घेतलेल्या पुड्यांनी लिव्हर अजून बिघडलेलं असू शकतं. अमेरिकन लिव्हरतज्ज्ञ हायमन झिमरमन यांच्या नावाने एक नियम आहे, औषधामुळे एसजीपीटी तिपटीच्या वर आणि सोबत बिलिरुबिन दुपटीच्या वर गेलं, आणि दुसरं काही कारण नाही, तर अशा दहातल्या साधारण एकाला जिवाचा धोका असतो किंवा लिव्हर बदलावं लागतं. म्हणून डॉक्टर विचारतील तेव्हा मागच्या दोन-तीन महिन्यांत पोटात गेलेली प्रत्येक गोळी, पुडी, काढा, जिमची पावडर, सगळं सांगायचं, लपवायचं नाही. दारूचंही तेच. दारूच्या हिपॅटायटिसमध्ये एसजीओटी हे दुसरं एन्झाइम एसजीपीटीच्या दुपटीच्या आसपास असतं आणि दोन्ही सहसा तीन-चारशेच्या आतच, त्यामुळे पेशंट म्हणतो मी पीत नाही आणि रिपोर्ट काही वेगळंच म्हणतो.

नळी तुंबल्याची कावीळ ओळखायची खूण म्हणजे खाज, गडद लघवी, पांढुरकं शौच, आणि रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज आणि त्याच्यासारखंच जीजीटी हे एन्झाइम चढलेले, एसजीपीटी त्या मानाने कमी. खडा असेल तर बहुधा दुखतं. खडा अडकून थंडी वाजून ताप, उजव्या बाजूला वर दुखणं आणि कावीळ असं तिन्ही एकदम आलं तर नळीत पू झालेला असू शकतो, १८७७ मध्ये शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी सांगितलेली ही तिकडी आहे, आणि त्यात तास मोजायचे असतात. याच्या उलट काही दुखत नाही, ताप नाही, फक्त पिवळेपणा हळूहळू वाढतोय, वजन उतरतंय, वय पन्नाशी-साठीच्या पुढे, तर दुखत नाही म्हणून निवांत राहणारे लोक मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतात, कारण स्वादुपिंडाच्या डोक्याशी किंवा पित्तनळीत झालेली गाठ अशीच गुपचूप येते. सोनोग्राफीत नळ्या फुगल्यात का ते चांगलं दिसतं, पण नळीचं खालचं टोक आतड्यातल्या गॅसमुळे पुष्कळदा दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी नॉर्मल असूनही डॉक्टर एमआरसीपी म्हणजे पित्तनळ्यांचा एमआरआय करायला सांगतात तेव्हा ते उगाच नसतं. ईआरसीपी ही दुर्बीण मात्र नुसतं बघायला घालत नाहीत, ती खडा काढायला, स्टेंट टाकायला, कारण तिच्यामुळे स्वादुपिंडाला सूज येण्याची शक्यता असते. अजून एक, पित्त आतड्यात नाही तर व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि आयएनआर त्यामुळेही चढतो. इंजेक्शनने व्हिटॅमिन के दिलं आणि आयएनआर उतरला, तर लिव्हर काम करतंय, फक्त कच्चा माल मिळत नव्हता. नाही उतरला तर लिव्हरच थकलंय. एवढ्या स्वस्त युक्तीने एवढं मोठं उत्तर, मला हे नेहमी आवडतं.

आता दुसरी बाजू, नॉर्मल आकड्याची. लिव्हरची राखीव ताकद खूप मोठी असते, त्यामुळे सिरॉसिसपर्यंत, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसेपर्यंत मजल जाऊनही बिलिरुबिन ०.९ असू शकतं. हिपॅटायटिस सी बहुतेकांना सुरुवातीला कावीळ करतच नाही, बी सुद्धा अनेकांच्या अंगात वर्षानुवर्षं डोळे पांढरेशुभ्र ठेवून बसतो. सी चा विषाणू सापडला १९८९ मध्ये आणि त्याच्या कामाला नोबेल मिळालं २०२० मध्ये, आज गोळ्यांनी तो बहुतेकांचा पूर्ण बरा होतो, पण टेस्ट केली तर ना. त्या चौकटीवर विसंबून माझं १.२ च्या आत आहे म्हणजे लिव्हर फिट असं समजणारा माणूस मला जास्त धोक्यात वाटतो, घाबरलेला गिल्बर्टवाला निदान डॉक्टरकडे तरी जातो. आणि उलट, वरची मर्यादाच मुळात अशी काढलेली असते की शंभर निरोगी माणसांतले दोन-तीन जण तिच्यावर असणारच.

आजार ओसरताना लोक अजून एका गोष्टीने हैराण होतात. भूक लागायला लागली, लघवी स्वच्छ झाली, एसजीपीटी खाली आलं, आणि बिलिरुबिन मेलं उतरतच नाही. याचं कारण डेल्टा बिलिरुबिन. डायरेक्ट बिलिरुबिन बरेच दिवस वाढलेलं राहिलं की त्यातलं काही अल्ब्युमिनला कायमचं जोडलं जातं, ते लघवीत जात नाही, आणि अल्ब्युमिनचंच निम्मं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं, त्यामुळे ते त्याच संथ गतीने संपतं. मशिन त्याला डायरेक्टमध्येच मोजतं. म्हणजे आकडा कालच्या आजाराचा असतो, आजच्या तब्येतीचा नाही. दर दोन दिवसांनी रक्त देऊन तो लवकर उतरत नाही, आमचा धंदा होतो फक्त.

नवजात बाळांचं गणित वेगळं आहे आणि मोठ्यांचे नियम त्यांना लावू नयेत. पूर्ण दिवसांच्या बाळांतही निम्म्याहून जास्त बाळं पहिल्या आठवड्यात थोडी पिवळी होतात, कारण ते एन्झाइम अजून जागं झालेलं नसतं, बहुतेकांचं आपोआप जातं. पण जन्मल्यापासून पहिल्या २४ तासांत दिसलेला पिवळेपणा कधीच नॉर्मल धरत नाहीत, तिथं आई-बाळाचे रक्तगट जुळत नसल्याचं वगैरे बघावं लागतं, आणि इनडायरेक्ट फार चढलं तर ते मेंदूत उतरून कायमचं नुकसान करतं. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्ड हॉस्पिटलच्या सिस्टर जीन वॉर्ड बाळांना उन्हात नेत आणि त्यांच्या लक्षात आलं की ऊन लागलेली कातडी कमी पिवळी दिसते, त्याच हॉस्पिटलात खिडकीत राहिलेल्या रक्ताच्या नळीत बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा खूपच कमी निघालं, आणि त्यातून डॉ. क्रेमर यांनी १९५८ मध्ये प्रकाशाने उपचार मांडला. आजची निळ्या दिव्याची पेटी त्याचीच. पण म्हणून बाळाला घरी खिडकीत धरणं हा उपचार नव्हे, उन्हाचा डोस मोजता येत नाही, आणि बाळ तापतं किंवा गारठतं. दोन आठवडे उलटूनही पिवळेपणा असेल तर डायरेक्ट मोजायलाच हवं, आणि शौच पांढुरकं असेल तर एक दिवसही थांबू नये, कारण पित्तनळ्या बंद असणाऱ्या बाळांचं कसाई (जपानी सर्जनच्या नावावरून) नावाचं ऑपरेशन साधारण ६० दिवसांच्या आत झालं तर यश जास्त. त्या खिडकीतल्या नळीमुळेच आम्ही लॅबवाले सॅम्पल उजेडापासून झाकून ठेवतो, नाहीतर आकडा खोटा कमी येतो.

पिवळेपणा बघायचा तोही दिवसाच्या उजेडात, डोळ्याच्या पांढऱ्या भागात, बल्बखाली नाही. साधारण अडीच-तीनच्या वर गेल्याशिवाय डोळ्यांना तो दिसत नाही. तळहात पिवळे आणि डोळे पांढरे असतील तर ते बहुधा कॅरोटीन, म्हणजे गाजरासारख्या खाण्यातला रंग, कावीळ नाही.

मागणी दोन आहेत. एक, ती चौकट चुकली असं त्याच पानावर, त्याच आकाराच्या चौकटीत छापा, आतल्या पानाच्या कोपऱ्यात बारीक टायपात खुलासा टाकला तर तो ग्रुपवर फिरत नाही. दुसरी बातम्यांबद्दल. काविळीची साथ, इतके रुग्ण, अशी बातमी येते आणि कुठला विषाणू ते लिहिलेलंच नसतं. ए आहे की ई हे रक्ताच्या आयजीएम नावाच्या टेस्टने कळतं, आणि ई असेल तर त्या भागातल्या गरोदर बायकांना त्याच दिवशी सावध करायला हवं, ए असेल तर लस उपलब्ध आहे. आपल्या बातमीदाराने अधिकाऱ्यांना रुग्णांचा आकडा विचारला तसा हा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर नाही मिळालं तर उत्तर मिळालं नाही असं छापावं.

आपली,
पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी एक नियमित वाचक

ता. क. काही रिपोर्टमध्ये बिलिरुबिन मिलिग्रॅमऐवजी मायक्रोमोलमध्ये लिहिलेलं असतं, तिथं १८ दिसलं तर किंचाळू नका, १७.१ ने भागा, ते एकच्या आसपास येतं.